एक जुलैची माणसं

मुंबई, ५ ऑगस्ट २०२४

आबाजी, जयभीम.

फोन केला की तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तुम्ही "कोण? कोण?" करत ठेवून देता, म्हणून पत्र लिहिते. लाल पेन जवळ असेल तर आधी लांब ठेवा.

काम आहे तुमच्याकडे. माणसं किती जगतात याचा आमच्या संस्थेत अभ्यास चालतो हे तुम्हाला ठाऊक आहे. ("माझी नात मेलेल्यांच्या ऑफिसात आहे" असं तुम्ही गावभर सांगता, तेही आईनं सांगितलं मला.) आयुर्मान म्हणजे काय, तर आज जन्मलेलं लेकरू, हवापाणी आणि दवाखाने आजच्यासारखेच राहिले तर, सरासरी किती वर्षं जगेल तो आकडा. देशाची तब्येत बघायची तर लोक आधी हाच आकडा बघतात. आपल्या देशाचा सत्तरीच्या आसपास आहे. पण ते सत्तर सगळ्यांना मिळून. कुणी ऐंशी जगतो, कुणी पंचावन्नला जातो. हे पंचावन्नवाले कुठं राहतात ते शोधणं माझ्याकडे आहे. त्यासाठी काही गावं निवडली, आणि त्यात आपलं गाव मी भांडून टाकून घेतलं.

गेल्या दहा वर्षांत गावात वारलेल्या मोठ्या माणसांची यादी करून द्याल? नाव, बाई की पुरुष, शाळेत गेलेले की नाही, आणि कागदावरचं वय. कागदावरचंच हं, आठवणीतलं नको. हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार? अर्धं गाव तुमच्या छडीखालून गेलंय.

गुडघ्याला तेल लावता की नुसतं आईला सांगता लावतो म्हणून?

तुमची तृप्ती


गाव, १९ ऑगस्ट २०२४

चि. तृप्ती,

पत्र पोचलं. दोन चुका होत्या, सोडून दिल्या.

यादी सोबत जोडली आहे. अडतीस नावं भरली. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा काठी टेकत दारोदार "तुमच्याकडचं कोण गेलं, कधी गेलं" विचारत फिरतो म्हटल्यावर लोक कसे बघतात याची तुला मुंबईत बसून काय कल्पना! कौशल्याबाई अंगण झाडत होती. म्हणाली, "गुरुजी, आता मेलेल्याइची हजेरी घेऊन राहिले का?" तिलाही मीच शिकवलं. जीभ तेव्हापासून अशीच आहे.

यादीत नसलेल्या एकाबद्दल लिहितो. तुलाराम. गावात शाळा उघडली तेव्हाच्या पहिल्या तुकडीतला माझा विद्यार्थी. चौथी पास. लाखांदूरकडच्या राईस मिलमध्ये चाळीस वर्षं पोती वाहिली, कोंड्याची सगळी धूळ छातीत भरून घेतली. आता त्याच्या घरापासून माझ्या ओट्यापर्यंत शंभर पावलं नाहीत, तर तीनदा बसतो. डॉक्टरनं श्वासाचा पंप लिहून दिलाय, रोज ओढायचा. सरकारी दवाखान्यात तो कधी असतो, कधी नसतो. विकत घ्यायचा तर म्हातारपणाची पेन्शन लागेल, आणि पेन्शनला पासष्ट पूर्ण पाहिजेत. त्याचा अर्ज परत आला. आधार कार्डावर जन्म १ जुलै १९६१. म्हणजे त्रेसष्ट!

अगं, छप्पन साली दीक्षेला त्याची माय नागपूरला गेली तेव्हा हा पाच महिन्यांचा पोटात होता. सगळ्या गावाला माहीत आहे. आज सदुसष्टचा आहे तो. त्याच्यापेक्षा लहान कौशल्याबाई पेन्शन उचलते आणि याला दोन वर्षं थांबा म्हणतात. कार्ड काढणाऱ्या कम्प्युटरवाल्या पोरांचा घोळ, दुसरं काय.

तो मात्र हसतो. म्हणतो, "गुरुजी, सरकार म्हनते मी अजून जवान हाय. जरा रुपाले समजावून सांगा न." रुपा म्हणजे त्याची बायको. हसता हसता खोकला लागला, मग बराच वेळ काही बोलता येईना त्याला.

तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर बघ. गुडघ्याला तेल लावतो.

आबाजी


मुंबई, १२ सप्टेंबर २०२४

प्रिय आबाजी,

यादी इतकी सुबक आहे की ऑफिसात सगळ्यांना दाखवली. आमच्या मॅडम म्हणाल्या, असा माणूस प्रत्येक गावात हवा.

तुलारामकाकांचं मी विचारलं. वय दुरुस्त होतं, पण जुना पुरावा लागतो. त्यांच्याकडे शाळेचा दाखला असेलच. तुमच्या शाळेचाच! त्यावर खरी तारीख असेल, ती दाखवली की झालं.

आता एक गंमत ऐका. गंमत कसली, मला झोप नाही. जगात कुठंही बघा, शिकलेली माणसं न शिकलेल्यांपेक्षा जास्त जगतात. दवाखान्यात लवकर जातात, औषधाचं लेबल वाचतात, थोडं बरं काम मिळतं. आपल्या गावात उलटं आहे. तुमच्या यादीतले शाळेत गेलेले पुरुष सरासरी अठ्ठावन्नला गेले, आणि शाळेची पायरी न चढलेले बासष्टला! बायकांमध्ये मात्र असा फरक नाही. एवढ्याशा यादीवरून आयुर्मान काढता येत नाही, पण चार वर्षांचा फरक म्हणजे काहीतरी आहे, आबाजी. तुमच्या शाळेतल्या फक्त मुलांना असं काय झालं? कुठल्या कामाला गेले ते? मॅडम म्हणतात, यावर एक निबंध होईल.

लवकर लिहा. मी वाट बघते.

तृप्ती


मुंबई, २ डिसेंबर २०२४

आबाजी,

तीन महिने झाले. शेजारच्या डिंपलला फोन लावला तर ती म्हणते, "आबाजी दिवसभर शाळेचे जुने रजिष्टर घेऊन बसून राहतेत, बोलतच नाईत." माझ्या पत्रातलं काही लागलं का तुम्हाला? शाळेला नावं ठेवायची नव्हती मला.

शाळेच्या विहिरीचं पाणी पीत होती का सगळी? छपराचे पत्रे कसले होते? पाणी तपासायला माणसं पाठवायचं मी मॅडमना विचारलं आहे. त्या हो म्हणतील असं वाटतं.

एक ओळ तरी लिहा. मला भीती वाटायला लागली आहे.

तृप्ती


गाव, २० डिसेंबर २०२४

चि. तृप्ती,

पाणी तपासायला कुणाला पाठवू नकोस. पाणी चांगलं आहे. पत्रे नव्हतेच, मातीचे कवेलू होते. दोष माझ्या हाताचा आहे.

माझा थोरला भाऊ तेजराम तू पाहिला नाहीस, तुझ्या जन्माआधीच तो गेला. जवाहरनगरची दारूगोळ्याची सरकारी फॅक्टरी नवी उभी राहत होती तेव्हा तो भरतीला गेला. सातवी शिकलेला, अंगानं दणकट. वय निघालं पंचवीस वर्षं तीन महिने. पंचवीसच्या आत पाहिजे होतं. तीन महिन्यांसाठी परत फिरला. घरी येऊन दोन दिवस अन्नाला शिवला नाही. मग जन्मभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवला आणि सत्तेचाळीसला गेला.

पुढच्याच वर्षी मला या गावाची शाळा मिळाली. नाव टाकायला बाप पोराला घेऊन यायचा. जन्म कधीचा, तर कुणी सांगे पुराच्या साली, कुणी सांगे धान करपलं त्या साली. तारीख मीच लिहायची. मी ठरवलं, माझं एकही पोरगं वयापायी फाटकातून परत येणार नाही. प्रत्येकाची चार वर्षं कापली. तारीख सगळ्यांची एकच, १ जुलै. तुलाराम नऊ वर्षांचा होता, पाच लिहिलं. आणि कुणाला शंका आली नाही बरं का! पोरं इतकी खुरटलेली होती की नऊचा पोरगा पाचचा म्हणून सहज खपून जाई. मला त्याचा तेव्हा आनंद झाला होता.

मुलींची वयं खरी लिहिली. काहून, तर मुलीला नोकरी लागेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तुझ्या आईचंही खरं आहे. म्हणून कौशल्याबाईला पेन्शन आहे. ज्यांचा मी विचार केला नाही त्या सुटल्या.

चार वर्षं कापून नोकरी किती जणांना लागली, विचार. दोघांना. एक वनरक्षक, एक पोस्टात. बाकीचे मिलमध्ये, वीटभट्टीवर, बांधीत. जे शाळेत आले नाहीत त्यांचं वय कार्डवाल्यानं तोंड बघून टाकलं, आणि तोंडं तर वयापेक्षा म्हातारीच दिसतात आमच्याकडे. त्यांना पेन्शन वेळेवर मिळाली. तुलारामनं मात्र माझा दाखला प्लास्टिकमध्ये जपून ठेवला होता. मोठ्या ऐटीत तोच दाखवला त्यानं. मागच्या पत्रात मी कम्प्युटरवाल्या पोरांवर ढकललं, ते खोटं होतं. लिहितानाच मला कळत होतं.

काल तुलारामला सांगितलं. दोन महिने हिंमत होत नव्हती. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी तं नोकरीसाठीच केलं न? नोकरी लागली नाई त्यात तुमचा काय दोष?" पुढं म्हणाला, "रुपाले सांगू नोका. ते तुमाले लय मानते. मी तिले कम्प्युटरचीच चुकी सांगतो."

तृप्ती, तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

आबाजी


मुंबई, ८ जानेवारी २०२५

आबाजी,

तुमचं पत्र बाथरूममध्ये जाऊन वाचलं, ऑफिसात रडायला दुसरी जागा नाही. मला तुमचा राग आला. मग तेजराम आजोबांचं पुन्हा वाचलं आणि कुणाचा राग करावा कळेना.

पण आता रडत बसू नका, वेळ आहे. मी वकिलाला विचारलं. तुम्ही प्रतिज्ञापत्र करा, मुख्याध्यापक म्हणून चुकीची तारीख लिहिली असं स्वतः सांगा. शिवाय कोतवालाच्या वहीत गावातले जन्ममृत्यू लिहिलेले असतात, तालुक्याला जुन्या वह्या ठेवलेल्या असतात. सत्तावन्न सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तुलारामकाकांच्या वडिलांच्या नावावर मुलगा सापडला की काम झालं. तोवर पंप मी इथून पाठवते. पहिला खोका याच पत्राबरोबर आहे. त्यांना सांगा संस्थेकडून आहे, नाहीतर घेणार नाहीत.

यादीचं बाकीचं मी नंतर बघते. त्याचा विचार तुम्ही करू नका.

तृप्ती


गाव, १४ एप्रिल २०२५

चि. तृप्ती,

आज जयंती. चौकात डीजे लावलाय, मी यंत्र काढून ठेवलं आणि निवांत लिहायला बसलो.

तालुक्याला पाचदा जाऊन आलो. एसटीत तुलारामला खिडकीशी बसवतो, हवा लागते. कंडक्टर माझं अर्धंही तिकीट घेत नाही, पंचाहत्तरीवरचा ना मी. तुलारामचं पूर्ण फाडतो. तो दर वेळी म्हणतो, "जवान मानसाचं फुल तिकीट." कंडक्टरही हसतो.

सत्तावन्नची वही निघाली. जानेवारी आहे, जून आहे. मधली पानं शिवणीतून गेलेली. ऑफिसातला साहेब तरणा आहे, माणूस वाईट नाही, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. म्हणाला, "गुरुजी, शाळेच्या रजिस्टरवर सही तुमची, आणि ते खोटं आहे यावरही सही तुमचीच. तेव्हा खोटं लिहिलं म्हणता, मग आता खरं बोलता हे मी कशावरून धरू?" मी म्हटलं, माझ्यावर केस करा, पण याचं वय दुरुस्त करा. तो म्हणाला, "केस केली तरी त्यांचं वय वाढत नाही." कायदा त्याच्या बाजूनं आहे. चौतीस वर्षं मी पोरांना शिकवलं, लिहिलेलं ते खरं. आता कुणाला काय सांगू?

बाहेर आलो तर तुलाराम पायरीवर. "जाऊ द्या गुरुजी. एक जुलै सव्वीसले होतेच न पासष्ट. सव्वा वरीस राहिलं, काढून टाकीन."

आता दुसरं. यादीचं बाकीचं नंतर बघते असं तू लिहिलंस. पोरी, बेरीज मलाही येते. अठ्ठावन्न आणि माझी कापलेली चार, बासष्ट. न शिकलेलेही बासष्टच. म्हणजे मी शिकवलं काय आणि न शिकवलं काय, एक दिवसही जास्त जगलं नाही कुणी. हे तू मला मुद्दाम लिहिलं नाहीस. समजलं मला. लिहायला पाहिजे होतंस.

पंपाचा तिसरा खोका मिळाला. संस्थेकडून आहे यावर त्याचा विश्वास बसलेला नाही.

आबाजी


मुंबई, ३० सप्टेंबर २०२५

आबाजी,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

मॅडमना मी सगळं सांगितलं. म्हटलं, पुरुषांची वयं चार वर्षांनी वाढवून धरू. त्या म्हणाल्या, एका माणसाच्या सांगण्यावरून कागद बदलता येत नाही. आणि बदललं तर काय होतं बघ, म्हणाल्या, गाव कागदावर चार वर्षं जास्त जगायला लागेल. एकही माणूस एक श्वास जास्त घेणार नाही आणि गाव निरोगी दिसेल. तेही मला चालेना. कागदावरचं तसंच ठेवलं तर शाळेनं माणसं मारली असं दिसतं. शेवटी त्यांनी शेरा लिहिला, "वयाची नोंद विश्वासार्ह नाही," आणि आपलं गाव यादीतून काढलं. मी भांडले नाही. सही केली. माझी नोकरी दर वर्षी वाढवून घ्यावी लागते, आबाजी. खोटं कशाला सांगू?

आमचा अहवाल गेल्या महिन्यात गेला. आकडा मागच्यापेक्षा थोडा वाढलेला आहे.

तुलारामकाकांना थंडीत जपा म्हणावं. आता नऊच महिने राहिले. पंप पाठवते आहे, दोन महिन्यांचे एकदम.

तृप्ती


गाव, १५ फेब्रुवारी २०२६

चि. तृप्ती,

तू यादीतून काढलंस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. म्हणजे आता आम्ही लवकर मरतो असंही नाही आणि उशिरा मरतो असंही नाही. सही तू केलीस, सही मीही केली होती. आपल्या घराण्यातच आहे म्हणायचं.

तुलाराम गेला. एकोणीस जानेवारीला, सकाळी. थंडी फार होती, पंप होता, पण पंपानं ओढून घ्यायला छातीत काही उरलंच नव्हतं. जुलैला साडेपाच महिने होते. आदल्या दिवशी मी बसून आलो. मला म्हणाला, "गुरुजी, तुमचं वय कोनी लिवलं होतं?" मी म्हटलं, माझ्या बापानं. म्हणाला, "बरोबर लिवलं त्यानं. चांगले जगून राहिले तुमी." टोमणा नव्हता गं. खरंच बरं वाटत होतं त्याला. मला येत्या मार्चात चौऱ्याऐंशी पूर्ण होतील. महिन्याच्या एक तारखेला माझी पेन्शन येते. त्या पहिल्या तुकडीतले पुरुष आता सगळे गेले. हजेरी घ्यायला मी तेवढा राहिलो.

ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली, वय चौसष्ट. तिथं मी काही बोललो नाही. बोलून आता कुणाला काय मिळणार होतं?

जलदान विधीच्या दिवशी पोरांनी चौकात बॅनर लावला. मोठा फोटो, कार्डावरचाच, फुगवून. खाली लिहिलेलं, जन्म १ जुलै १९६१. मी काठी टेकून त्याच्यासमोर उभा राहिलो. साठ वर्षांपूर्वी टाक दौतीत बुडवून लिहिलेली ती तारीख, आता हातभर मोठ्या अक्षरात.

तेवढ्यात रुपा आली, पांढऱ्या लुगड्यात. तुलारामनं शेवटपर्यंत तिला सांगितलं नव्हतं. पदर सावरून म्हणाली, "गुरुजी, पोरं म्हनत होते जनमतारीख कायले टाकता, कोनाले ठाऊक खरी का खोटी. मी म्हनलं टाका. गुरुजीच्या हातची हाय, ते कशी चुकन? बरोबर हाय न गुरुजी?"

मी म्हटलं, बरोबर आहे.

तुझा,
आबाजी